जॉयस्टिकचे बटण आणि रोबोची आज्ञा

जॉयस्टिकवरच्या बटणाजवळ सांगण्यासारखे फारसे नसते. आपण दाबलेले आहोत की सोडलेले, एवढेच ते सांगते. संगणकाच्या हिशेबात ही एका बिटाची माहिती. रोबोचा हात किती वर जावा, पकड कधी उघडावी, चेंडू किती जोराने सुटावा यातले काहीही त्या बटणात नसते. ते सगळे रोबोवरचा प्रोग्रॅम ठरवतो. ‘हे बटण दाबले की हात वर’ ही ओळ लिहायला नवशिक्यालाही वेळ लागत नाही. हात वर जायचा थांबणार कधी, मध्येच दुसरे बटण दाबले तर कोणाचे ऐकायचे आणि बटण दाबलेले असतानाच संपर्क तुटला तर काय, हे प्रश्न मात्र त्या ओळीत येत नाहीत. बटणांच्या प्रोग्रॅमिंगमधली बहुतेक मेहनत या तीन प्रश्नांवर खर्च होते.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची या विषयाशी ओळख मुख्यतः रोबोकॉनमुळे झाली. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात भरली, तेव्हा तिचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता आणि नाव होते ‘गोविंदा’. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली. त्या वर्षी प्रत्येक संघाला दोन रोबो करायचे होते: माणसाने चालवायचा ‘पालक’ आणि स्वतःच चालणारे ‘मूल’. पालकाने मुलाला सीसॉ, खांबांवरची चाल, झोका आणि जंगल जिम असे खेळ खेळवायचे. देशातली निवड फेरी दूरदर्शन भरवते आणि ती अनेक वर्षे बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात होत असे. माणसाने चालवायच्या रोबोसाठी विद्यार्थ्यांच्या हातात बहुधा प्लेस्टेशन २ चा कंट्रोलर असायचा, कारण तो पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळायचा आणि त्याची भाषा सोपी होती.

ती भाषा अशी. रोबोवरचा मायक्रोकंट्रोलर कंट्रोलरला विचारणा करतो आणि कंट्रोलर उत्तरादाखल काही बाइट पाठवतो. त्यातले दोन बाइट बटणांचे. दोन बाइट म्हणजे १६ बिट आणि बटणेही नेमकी १६: चार दिशांची, त्रिकोण-वर्तुळ-फुली-चौकोनाची, खांद्यावरची चार, स्टार्ट, सिलेक्ट आणि अंगठ्याने हलवायच्या दोन्ही कांड्या आत दाबल्यावर लागणारी दोन. पुढचे चार बाइट दोन कांड्यांच्या आडव्या-उभ्या स्थितीचे. यात पहिली ठेच लागते ती अशी, की दाबलेले बटण ० म्हणून येते आणि सोडलेले १ म्हणून. आतल्या विद्युत-मांडणीत सोडलेल्या बटणाची तार वरच्या व्होल्टेजला धरून ठेवलेली असते आणि बटण दाबले की ती ग्राउंडला जोडली जाते, म्हणून हा उलटा हिशेब. अर्दुइनो वापरणाऱ्यांना हे फारसे जाणवत नाही. बिल पोर्टर यांच्या ‘पीएस२एक्स’ या लायब्ररीने हा उलटेपणा पोटात घेतलेला आहे. थेट बाइट वाचणाऱ्याला मात्र न दाबलेली सगळी बटणे दाबलेली दिसतात.

कांडीची गोष्ट वेगळी. तिची माहिती एका बिटाची नसते. प्लेस्टेशन २ मध्ये ती ० ते २५५ अशी येते आणि कांडी मोकळी सोडली की १२८ च्या आसपास राहते. ‘आसपास’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण वापरलेली कांडी बरोबर मध्यावर क्वचितच परतते. त्यामुळे मध्याभोवतीचा थोडा पट्टा मृत मानतात आणि त्यातला कोणताही आकडा शून्यच धरतात. हा मृत पट्टा ठेवला नाही तर कोणी हात न लावताही रोबो हळूहळू सरकत राहतो. संगणकाला जोडलेल्या जॉयस्टिकमध्ये हीच माहिती उणे १ ते अधिक १ अशी येते आणि पुढे ढकललेली कांडी उणे आकडा देते. ही रीत आजही प्रत्येक नव्या संघाचा रोबो पहिल्या दिवशी उलटा पळवते.

‘फर्स्ट’ या संस्थेच्या रोबो-स्पर्धेत (तिच्याविषयी पुढे) एक्सबॉक्स पद्धतीच्या कंट्रोलरवर ए, बी, एक्स, वाय या बटणांना १ ते ४ हे क्रमांक मिळतात, खांद्यावरच्या दोन बटणांना ५ आणि ६. बटणांची मोजणी १ पासून आणि कांड्यांच्या आडव्या-उभ्या अक्षांची ० पासून, ही विसंगती पाठच करावी लागते. बोटाखालचा ट्रिगर दिसतो बटणासारखा, पण असतो अक्ष. त्याला बटण म्हणून वापरायचे तर ‘अर्ध्याहून अधिक दाबला तर दाबलेला’ अशी सीमा प्रोग्रॅममध्ये ठरवावी लागते. चार दिशांचे चपटे बटण आणखी निराळे. ते अंशांत बोलते: वर ०, उजवीकडे ९०, खाली १८०, डावीकडे २७०, तिरपे दाबले तर मधले आकडे आणि काहीच दाबलेले नसेल तर उणे १. शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा धरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वरची दिशा कायमची मुकी होते.

ही माहिती रोबोपर्यंत एकदाच जात नाही, ती सतत जात राहते. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची शालेय मुलांसाठीची रोबोटिक्स स्पर्धा १९९२ पासून चालते आणि मुंबईचा ‘आर फॅक्टर’ हा ६०२४ क्रमांकाचा संघ तिच्यात उतरलेला आहे. त्या स्पर्धेत जॉयस्टिक लॅपटॉपला जोडतात. लॅपटॉपवरचे ‘ड्रायव्हर स्टेशन’ दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, सगळ्या बटणांची त्या क्षणाची स्थिती वाय-फायवरून रोबोला कळवते. रोबोवरचा प्रोग्रॅमही २० मिलिसेकंदांच्या फेऱ्यांत चालतो. प्रत्येक फेरीत तो बटणे पाहतो, सेन्सर वाचतो, मोटरींना आकडे देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ‘बटण दाबले’ नावाची कोणतीही घटना हवेतून येत नाही. येतात ती एकामागून एक छायाचित्रे, आणि घटना त्यांतून प्रोग्रॅमने ओळखायची असते.

माणसाने बटण पटकन दाबून सोडले तरी त्यात साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो. तेवढ्यात रोबोच्या पाच फेऱ्या होतात. आता ‘बटण दाबलेले असेल तर पकड उलट कर, उघडी असेल तर मिट, मिटलेली असेल तर उघड’ असे लिहिले, तर एका दाबात पकडीला पाच आज्ञा जातात. फेऱ्यांची संख्या विषम पडली तर पकड हवी तशी होते, सम पडली तर होती तशीच राहते. चालवणाऱ्याला वाटते बटण कधी लागते, कधी लागत नाही. मग बटण बदलले जाते, तार बदलली जाते आणि दोष तिथेच राहतो. उपाय दोन ओळींचा आहे. मागच्या फेरीतली स्थिती लक्षात ठेवायची आणि आताच्या स्थितीशी ताडून पाहायची:

जर आता दाबलेले आहे आणि मागच्या फेरीत दाबलेले नव्हते, तर पकड उलट कर.
मागची स्थिती = आताची स्थिती.

दुसरी ओळ विसरली तर पहिलीचा उपयोग नाही. सोडलेल्यापासून दाबलेल्यापर्यंतच्या या उडीला चढती कड म्हणतात, उलट उडीला उतरती कड. बटणाची ‘स्थिती’ आणि बटणाची ‘कड’ यांतला भेद हा या सगळ्या विषयाचा पाया आहे.

हा भेद शेतात रोज वापरला जातो. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावात विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरीला जो स्टार्टर असतो, त्यावर एक हिरवे आणि एक लाल बटण असते. हिरवे बटण क्षणभर दाबायचे. बोट काढले तरी मोटर चालू राहते. बटण दाबताच कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज मिळते, कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि त्याच्याच अंगावरचा एक छोटा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर जोडला जातो. त्यानंतर कॉइलला वीज त्या कॉन्टॅक्टमधून मिळत राहते. बटणाचे काम संपलेले असते. लाल बटण तो रस्ता तोडते. वीज गेली तरी रस्ता तुटतो आणि वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. हिरवे बटण कडेवर चालते आणि पुढची स्थिती कॉन्टॅक्टर सांभाळतो. रोबोच्या प्रोग्रॅममधली ‘मागची स्थिती’ किंवा ‘चालू असलेली आज्ञा’ हा त्या कॉन्टॅक्टरचाच सॉफ्टवेअरमधला अवतार आहे. उलट दारावरची घंटा स्थितीवर चालते: बोट आहे तोवर आवाज, बोट काढले की शांत. कोणत्या कामाला स्टार्टरची रीत लावायची आणि कोणत्याला घंटेची, हा प्रत्येक बटणाबाबतचा पहिला निर्णय.

स्थिती कोणी सांभाळायची हे न ठरवल्याचा परिणाम मोबाइलवर चालणाऱ्या रोबोंनी एका पिढीला दाखवला. साध्या कीपॅडच्या फोनचा काळ होता तेव्हा अभियांत्रिकीचे विद्यार्थी एक फोन रोबोवर बसवायचे आणि दुसऱ्या फोनवरून त्याला कॉल लावून कळा दाबायचे. प्रत्येक कळ दोन सुरांची जोडी काढते. १ या कळीचे सूर ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे. रोबोवरची एमटी८८७० ही चिप ते सूर ओळखून चार बिटांत आकडा देते. २ म्हणजे पुढे, ८ म्हणजे मागे, ४ आणि ६ म्हणजे डावी-उजवीकडे, ५ म्हणजे थांब, अशी मांडणी सर्रास असे. गंमत अशी, की ही चिप शेवटचा ओळखलेला आकडा तसाच धरून ठेवते. कळ सोडली तरी तिच्या चार तारांवर २ राहतोच. सूर प्रत्यक्ष चालू आहे की नाही हे सांगणारी पाचवी तार असते, पण ती न जोडताही प्रकल्प चालतो, म्हणून अनेकदा ती जोडली जात नसे. असा रोबो २ दाबल्यावर ५ येईपर्यंत चालतच राहतो, आणि मध्ये कॉल तुटला तर ५ कधीच येत नाही.

पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण मोबाइल आणि मोटर यांच्याच जोडीवर उभे आहे. शेतकऱ्याने घरून फोनने मोटर चालू-बंद करायची, आणि तिथे वीज आहे का हेही फोनवरच कळून घ्यायचे. आज्ञेइतकेच उत्तर महत्त्वाचे, हे या दुसऱ्या भागात दिसते. चालवणाऱ्याला दिसत नसलेल्या यंत्राने आज्ञा पाळली की नाही हे कळवले नाही, तर चालवणारा बटण पुन्हा दाबतो, आणि दुसऱ्यांदा दाबल्याने काय होते हे पुन्हा प्रोग्रॅमवर येते.

कड ओळखण्यात आणखी एक त्रास असतो तो धातूचा. बटणाच्या आतले दोन पत्रे एकमेकांवर आदळतात तेव्हा ते काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाच्या जागी अनेक कडा दिसतात. लॅपटॉपला जोडलेल्या खेळाच्या कंट्रोलरमध्ये ही थरथर बहुतेक वेळा आतच गाळलेली असते. मायक्रोकंट्रोलरच्या पायाला थेट जोडलेल्या बटणांत किंवा रोबोवरच्या, हालचालीची हद्द गाठताच दाबल्या जाणाऱ्या लिमिट स्विचमध्ये ती गाळावी लागते, आणि त्यासाठी नवी स्थिती ठरावीक वेळ टिकली तरच ती खरी मानतात. ही मुदत फार वाढवली तर बटण आळशी वाटू लागते.

दोन-चार बटणांपर्यंत ‘जर-तर’च्या ओळी पुरतात. बटणे दहा झाली, मोटरी सहा झाल्या आणि एकेक काम काही सेकंद चालणारे झाले की त्या ओळींचा गुंता होतो. सर्वात वाईट चूक इथे घडते: ‘हात वर जाईपर्यंत थांब’ असे लिहून प्रोग्रॅम त्या जागी अडवून ठेवणे. फेरी अडली की कांड्याही वाचल्या जात नाहीत, आणि हात वर जात असताना चाके शेवटच्या वेगाने फिरत राहतात. त्यावर उपाय म्हणून वर्सेस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये आकाराला आलेल्या ‘डब्ल्यूपीआयलिब’ या लायब्ररीत कमांड ही स्वतंत्र वस्तू मानलेली आहे. जावा, सी प्लस प्लस आणि पायथन या तिन्ही भाषांत ती मिळते.

कमांडचे चार भाग असतात. सुरू होताना एकदा करायचे काम, प्रत्येक फेरीत करायचे काम, ‘झाले का?’ या प्रश्नाचे उत्तर, आणि संपताना एकदा करायचे काम. हाताला वर नेणारी कमांड सुरुवातीला लक्ष्याची उंची नोंदवते, प्रत्येक फेरीत मोटरीला थोडा जोर देते, उंची मोजणाऱ्या एन्कोडरकडे पाहून ‘झाले’ किंवा ‘नाही’ सांगते आणि शेवटी मोटर थांबवते. प्रत्येक फेरीत ती आपला छोटासा वाटा उरकून बाजूला होते, त्यामुळे कोणाची वाट अडत नाही. चौथ्या भागाला एक निरोपही मिळतो: काम पूर्ण होऊन शेवट झाला, की मध्येच कोणी तोडले. मोटर दोन्ही वेळा थांबवायची असते, पण ‘चेंडू पकडला’ अशी नोंद फक्त पहिल्या वेळी करायची असते. हा फरक न पाळणारा रोबो हातात नसलेला चेंडू फेकायला निघतो.

कमांड आणि बटण यांची गाठ मारण्याच्या रीती मोजक्या आहेत. ‘ऑनट्रू’ म्हणजे चढत्या कडेला कमांड सुरू करायची. पुढे बोट काढले तरी ती आपल्या मनाने संपेल. हात ठरलेल्या उंचीवर नेणे, चेंडू फेकणे अशी ज्यांना स्वतःचा शेवट आहे ती कामे इथे बसतात. ‘व्हाइलट्रू’ म्हणजे दाबलेले असेपर्यंत चालवायची आणि सोडताच तोडायची. चेंडू आत ओढणारे रोलर किंवा दोरावर चढण्याची विंच यांना हीच रीत योग्य, कारण धोका दिसताच बोट काढले की काम तिथेच थांबते. ‘ऑनफॉल्स’ सोडण्याच्या कडेवर चालते. ‘टॉगलऑनट्रू’ एका दाबाला सुरू करते, पुढच्या दाबाला बंद. २०२३ च्या आवृत्तीआधी यांची नावे वेगळी होती आणि जुन्या उदाहरणांत ती अजून भेटतात.

यातला टॉगल सगळ्यांना आवडतो, कारण त्यात एक बटण वाचते. तरीही सामन्याच्या गोंगाटात, पाठ फिरवून उभ्या असलेल्या रोबोची पकड आत्ता उघडी आहे की मिटलेली हे चालवणाऱ्याला दिसत नाही, आणि तेव्हा टॉगल म्हणजे निव्वळ अंदाज होतो. उघडायला एक बटण आणि मिटायला दुसरे ठेवले तर शंका आल्यावर हवे ते बटण पुन्हा दाबता येते. उघडी पकड पुन्हा उघडण्यात नुकसान काहीच नाही. स्टार्टरला एकाच बटणाऐवजी दोन रंगांची दोन बटणे दिली जातात ती याच शहाणपणातून.

एकाच मोटरीवर दोन कमांडचा डोळा असला तर काय, याचे उत्तर सबसिस्टीमच्या कल्पनेत आहे. चाके ही एक सबसिस्टीम, हात दुसरी, रोलर तिसरी. प्रत्येक कमांड आपल्याला कोणकोणत्या सबसिस्टीम लागतात हे आधी जाहीर करते आणि लायब्ररीतला शेड्युलर एका वेळी एका सबसिस्टीमचा ताबा एकाच कमांडला देतो. हात वर जात असताना ‘हात खाली’चे बटण दाबले, की वर नेणारी कमांड तोडली जाते, तिचा शेवटचा भाग चालतो आणि मग नवी सुरू होते. नव्याने येणाऱ्याने जिंकायचे हा मूळचा नियम; एखादे काम मध्येच तुटणे घातक असेल तर त्या कमांडला ‘मी चालू असताना येणाऱ्यांना परत पाठव’ असेही सांगता येते. सबसिस्टीम जाहीर करायला विसरले तर दोन कमांड एकाच मोटरीला प्रत्येक फेरीत दोन वेगवेगळे आकडे देत राहतात, आणि मोटर थरथरते किंवा शेवटी बोलणाऱ्याचे ऐकते.

सबसिस्टीमवर कोणाचाच ताबा नसेल तेव्हा चालायची एक मूळ कमांड ठरवून ठेवता येते. चाकांची मूळ कमांड जवळजवळ नेहमी ‘कांड्या सांगतील तसे चाल’ ही असते. एखादे बटण दाबून रोबोला आपोआप लक्ष्याकडे तोंड करायला लावले, तर तेवढा वेळ कांड्यांचे ऐकणे बंद होते. काम झाले की ते आपोआप परत सुरू होते. त्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागत नाही.

लहान कमांड जोडून मोठ्या करणे ही या पद्धतीची खरी मिळकत. ‘रोलर फिरव, चेंडू सेन्सरसमोर आला की थांब, हात वर ने, नेम धर, फेक’ ही साखळी एका बटणावर बसते. काही कामे एकामागून एक, काही बरोबरीने, आणि काही अशी, की बरोबरीतल्या एकाचे काम संपले की सगळे थांबावे. मात्र साखळी चालू असेपर्यंत तिच्यातल्या प्रत्येक कडीच्या सबसिस्टीम ती धरून ठेवते. हात शेवटच्या पायरीला लागणार असला तरी पहिल्या पायरीपासून तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही, आणि मिळवला तर पूर्ण साखळी तुटते. सात पायऱ्यांची देखणी साखळी लिहिणाऱ्याला हे बहुधा मैदानावरच कळते.

अशा साखळीत प्रत्येक पायरीचा शेवट सेन्सरवर टांगलेला असतो, आणि सेन्सर निकामी होतात. धक्क्याने तार निघते, प्रकाश-सेन्सरवर धूळ बसते, लिमिट स्विचची पट्टी वाकते. ‘झाले का?’ला मग ‘नाही’ हेच उत्तर कायम मिळत राहते आणि मोटर अडकलेल्या जागी जोर लावत तापते. म्हणून सेन्सरवर संपणाऱ्या प्रत्येक कमांडला वेळेची मर्यादाही जोडतात: हाताला वर जायला एरवी एक सेकंद लागत असेल तर दोन सेकंदांनी, काम झालेले असो वा नसो, सोडून द्यायचे. त्याशिवाय ‘सगळे तोड’ असे एक बटण ठेवणे हा फर्स्टच्या संघांत रुळलेला रिवाज आहे आणि तो फार चांगला आहे.

बटणांच्या मांडणीला तांत्रिक नियम थोडे, माणसांचे जास्त. फर्स्टच्या या स्पर्धेत २०२५ पर्यंतच्या अनेक हंगामांत सामना अडीच मिनिटांचा असे. पहिले १५ सेकंद रोबो स्वतः चालायचा आणि उरलेली सव्वादोन मिनिटे माणसांच्या हाती असायची. एक जण चाके सांभाळतो, दुसरा हात आणि रोलर. चाके चालवणाऱ्याचे दोन्ही अंगठे कांड्यांवर असतात, म्हणून त्याला अंगठा न उचलता लागणारी खांद्यावरची बटणे आणि ट्रिगरच द्यावे लागतात. ए, बी, एक्स, वाय त्याला दिली तर बटण दाबायच्या क्षणी रोबो दिशा सोडतो. बटणे अपुरी पडली की एक बटण धरून दुसरे दाबायची जोडी करतात. लायब्ररीत दोन बटणांना ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांनी जोडता येते. पण जोडीतले एक बटण एकटेही काही करत असेल, तर दोन्ही बोटे अगदी एकाच वेळी पडत नाहीत आणि एकट्याचे काम आधी सुरू होऊन जाते. म्हणून धरून ठेवायचे बटण एकटे असताना मुके ठेवणेच बरे.

जोडीचा दुसरा उपयोग धोक्याच्या कामांना होतो. पुण्याजवळच्या दिघी येथील डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बाँब निकामी करण्यासाठी घडवलेला ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित रोबो २०११ मध्ये लष्कराला मिळाला. तो सुमारे ५०० मीटर अंतरावरून चालवता येतो, जिने चढतो आणि संशयित वस्तूवर पाण्याचा वेगवान झोत मारून ती निकामी करतो. अशा यंत्रांत चालण्याच्या आज्ञेची चूक दुरुस्त करता येते, झोताच्या आज्ञेची येत नाही. परत न फिरणाऱ्या कामासाठी म्हणूनच दोन हातांनी लागणारी दोन बटणे, किंवा आधी सज्ज करून मग सोडायची दोन पायऱ्यांची आज्ञा, किंवा ठरावीक वेळ धरून ठेवल्यावरच लागणारे बटण, असे उपाय योजले जातात. साध्या स्पर्धेतल्या रोबोतही शेवटच्या सेकंदांत उघडायचा चढाईचा हूक अशाच जोडीवर ठेवतात.

संपर्क तुटण्याचा प्रश्न राहिला. कळवलेली शेवटची स्थिती खरी मानून चालत राहणे हे मोबाइलच्या रोबोने दाखवलेले संकट. चांगली व्यवस्था याच्या उलट वागते: ठरलेल्या वेळात माहितीचे नवे पॅकेट आले नाही तर रोबो स्वतःच मोटरी सोडतो. शांतता म्हणजे ‘थांब’. फर्स्टच्या रोबोत यासोबत चालू कमांडही सहसा तोडल्या जातात, आणि संपर्क परतल्यावर ‘व्हाइलट्रू’चे बटण दाबलेलेच असले तरी कमांड आपोआप उठत नाही, बोट एकदा सोडून नवी कड द्यावी लागते. वीज आल्यावर विहिरीवरची मोटर आपोआप सुरू न होणे ही स्टार्टरने दिलेली तीच सुरक्षा. पण रात्रपाळीच्या विजेसाठी शेतात जायचे टळावे म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ जोडला जातो, वीज येताच साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. महावितरण ऑटो काढून कपॅसिटर लावायला सांगते ते त्यामुळे. रोबोत ‘ऑटो’ नकळत शिरतो तो जुन्या लक्ष्याच्या रूपाने. बंद पडण्याआधी हाताला वर जायला सांगितले होते, मधल्या काळात कोणी तो हाताने खाली आणून ठेवला, आणि पुन्हा सुरू करताच हात जुन्या लक्ष्याकडे झेप घेतो. म्हणून सुरू होण्याच्या क्षणी हात जिथे आहे तीच जागा लक्ष्य मानायची असते.

या सगळ्याच्या वर सरावात लॅपटॉपवर दोन कळा असतात. एंटर दाबली की रोबो थांबतो आणि पुन्हा सुरू करता येतो. स्पेस बार दाबला की आणीबाणीचा थांबा लागतो, मग पडद्यावर कोणतीही खिडकी उघडी असो. त्यानंतर रोबोवरचा नियंत्रक पुन्हा बूट केल्याशिवाय तो हलत नाही. सराव चालू असताना त्या लॅपटॉपवर टायपिंग करणे का टाळावे, हे वेगळे सांगायला नको.

प्रोग्रॅम निर्दोष असूनही बटणे चुकतात ती बहुधा जोडणीत. लॅपटॉपला दोन कंट्रोलर असतील तर ते कोणत्या क्रमाने लावले यावर त्यांचे ० आणि १ हे क्रमांक ठरतात. ते उलटले की चाके चालवणाऱ्याच्या कांडीने हात हलू लागतो. ड्रायव्हर स्टेशनमध्ये हा क्रम कुलूपबंद करता येतो. लॉजिटेक एफ३१० या लोकप्रिय कंट्रोलरच्या पाठीवर एक्स आणि डी अशी छोटी सरकपट्टी आहे. ती हलली की त्याच बटणांचे क्रमांक बदलतात आणि ए चे काम दुसरेच बटण करू लागते. पुष्कळ संघ ती पट्टी चिकटपट्टीने बंद करून टाकतात. सामन्याआधी रोबो थांबलेलाच ठेवून ड्रायव्हर स्टेशनच्या पडद्यावर एकेक बटण दाबून पाहायचे, योग्य क्रमांकाचा दिवा लागतो का ते तपासायचे, कांड्या मोकळ्या सोडून त्या शून्याजवळ परततात का ते पाहायचे, आणि कंट्रोलर मध्येच निघून पुन्हा लावावा लागला तर एफ१ दाबून त्याची नव्याने ओळख करून द्यायची.